खेळाडू प्रत्येक मेलेल्या मॉन्स्टरचे अवयव काढायला धावतात, डीएमने (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने) काय नियम ठेवावेत?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेमच्या टेबलवर लढाई संपली रे संपली की सगळे सुऱ्या काढतात, आणि दात, कातडी, डोळे यांचे भाव ठरवण्यातच अर्धं सेशन जातं. माझं ऐकाल तर हे बंद करू नका. वायव्हर्नच्या, म्हणजे ड्रॅगनसारख्या उडत्या प्राण्याच्या, विषारी नांगीचं पुढे काय करता येईल असा प्रश्न ज्याला पडतो, तो खेळाडू तुमच्या जगात खरोखर रमलाय. फक्त काय काढायचं हे लढाईनंतर नाही, लढाईच्या आधी ठरायला हवं.

आधी पुस्तकातलं बघू. २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये विष काढण्याचा नियम आहे: प्राणी मेलेला किंवा निपचित हवा, १डी६ मिनिटं (सहा बाजूंच्या एका फाशावर येईल तेवढी) लागतात, आणि इंटेलिजन्स (नेचर) चेकची, म्हणजे निसर्गज्ञानाच्या परीक्षेची, डीसी (फाशाने गाठायचा आकडा) २०. जमलं तर एक डोस मिळतो. पाच किंवा जास्तने हुकलं तर ते विष काढणाऱ्यालाच बाधतं. वायव्हर्नच्या एका डोसची किंमत १,२०० गोल्ड आहे. पाचव्या लेव्हलच्या विझार्डचं (जादूगाराचं) नेचर +६ (वीस बाजूंच्या फाशात मिळवायचे गुण) धरलं, तर यशाची शक्यता ३५ टक्के आणि विष बाधण्याची ४५ टक्के. बाधलं आणि डीसी १५चा सेव्हही (बचावाचा रोल) हुकला, तर ७डी६ डॅमेज, म्हणजे सरासरी २४ च्या वर. त्या लेव्हलचा विझार्ड एवढ्यात जवळजवळ आडवा होतो. हा नियम जसाच्या तसा वापरा. एवढा पैसा मिळणार असेल तर तेवढा धोका असलाच पाहिजे.

बाकी अवयवांसाठी २०१७च्या झॅनाथर्स गाइडमधला तक्ता फार कामाचा आहे. जादुई वस्तू बनवायला एक दुर्मीळ घटक लागतो, आणि तो मिळवताना कोणत्या सीआरच्या (मॉन्स्टर किती अवघड याचा आकडा) प्राण्याशी गाठ पडावी हे तिथे दिलंय: अनकॉमन वस्तूला ४ ते ८, रेअरला ९ ते १२, व्हेरी रेअरला १३ ते १८. सीआर १७चा प्रौढ लाल ड्रॅगन आणि व्हेरी रेअर असलेलं ड्रॅगन स्केल मेल (ड्रॅगनच्या खवल्यांचं चिलखत) यांची जोडी इथे चपखल बसते. पण मेल बनवायला एकट्या माणसाला कामाचे २५ आठवडे आणि २०,००० गोल्ड लागतात. म्हणजे कातडं हाती आलं तरी मोठा पल्ला बाकी असतो, आणि तुम्हाला कॅम्पेनसाठी आयतं काम मिळतं.

आता माझ्या टेबलवरचा नियम. प्रत्येक मोठ्या मॉन्स्टरचा एकच अवयव मोलाचा. तो कुठला आणि कशाने खराब होतो, हे लढाईआधी चौकशी करून किंवा नेचर चेकने कळू शकतं. आमच्याकडे वायव्हर्नच्या वेळी पार्टीला कळलं होतं की विषाची पिशवी आगीने फुटते. सॉर्सररने फायरबॉल (आगीचा स्पेल) म्हणायला तोंड उघडलं, तर रेंजर ओरडली, "थांब रे, पिशवी जाईल!" मग सगळी लढाई दोऱ्या आणि बाणांवर झाली, नांगीचे दोन फटके खाऊन. प्राणी पडल्यावर मी एवढंच विचारलं, "शेपटी कुठून कापतेस?" ती म्हणाली, "आधी नांगीच्या मुळाशी दोरी आवळते, विष मागे जायला नको." एवढा विचार केलाय म्हटल्यावर मी अॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा) दिला. एक रोल, की पुढे चला.

फुटकळ प्राण्यांचं काही मिळत नाही, हे सरळ सांगून टाका. आणि मांस, रक्त, डोळे टिकत नाहीत. मीठ, बर्फ किंवा जेंटल रिपोज (मृतदेह कुजू न देणारा) स्पेल नसेल तर दुसऱ्या दिवशी फेकावे लागतात. हिशेबाची कटकट यानेच निम्मी होते.

एक गोष्ट मात्र नियमावर सोडू नका. ड्रॅगन बोलतात, विचार करतात. बोलणाऱ्या जिवाचं कातडं सोलणं काहींना चालतं, काहींना अजिबात नाही, आणि टेबलवर कुणाला मळमळ होत असेल तर तिथे गंमत उरत नाही. पुढच्या सेशनच्या सुरुवातीला सगळ्यांना विचारा आणि सीमा ठरवून घ्या. सध्या पिशव्यांमध्ये जे दात-नखं साठलेत, ते एखाद्या किमयागाराला एकरकमी विकू द्या आणि पुढच्या मॉन्स्टरपासून हा नियम लागू करा.