चिनी शिकताना कॉमिक्स कोणती वाचावीत?

चिनी शिकताना कॉमिक्स वाचण्याचा आपला विचार उत्तम आहे, मात्र पुस्तक निवडताना आधी लिपी पाहावी. चीनमध्ये सुलभीकृत अक्षरे छापली जातात, तर तैवानमध्ये पारंपरिक, तीही कॉमिक्समध्ये बहुधा उभ्या ओळींत आणि उजवीकडून डावीकडे. आपण जी लिपी शिकत आहात, तिचेच पुस्तक घ्यावे. हाँगकाँगच्या काही कॉमिक्समधले संवाद कँटोनीज या वेगळ्या चिनी बोलीत असतात, ती तूर्त बाजूला ठेवावीत. ‘लिआनहुआनहुआ’ ही तळहाताएवढी जुनी चित्रपुस्तके मला फार प्रिय आहेत, पण त्यांत प्रत्येक चित्राखाली निवेदन असते आणि त्याची भाषा बरेचदा पुस्तकी असते, म्हणून ती पुढे वाचावीत.

सुरुवात घरातल्या किंवा शाळेतल्या प्रसंगांपासून करावी, कारण वाक्याच्या शेवटी येणारा ‘बा’ कुठे आग्रह दाखवतो आणि कुठे नुसता अंदाज, हे बोलणाऱ्या पात्राच्या चेहऱ्यावरून जितके चटकन उमगते, तितके व्याकरणाच्या नियमांवरून उमगत नाही. पान आधी कोशाशिवाय वाचावे, मग अडलेले अक्षर ‘प्लेको’ या मोबाईलवरच्या कोशात बोटाने गिरवून शोधावे. उच्चारातले सूर, म्हणजे आवाजाचे चढउतार, मात्र छापील पानावर ऐकू येत नाहीत, त्यामुळे तेच संवाद शिक्षकांसमोर मोठ्याने वाचून दाखवावेत.