आग्रहाची वाट पाहू नकोस

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांची, गिरगावात वाढलेली. मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले आणि या सप्टेंबरात ओ-पेअर म्हणून, म्हणजे एका कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायला, जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका गावात आले. घरात दोन लहान मुलं आहेत. माणसं वाईट नाहीत, पण मला मोकळं वाटत नाही. रात्री गरम जेवण नसतंच. पाव, चीज, काकडीचं लोणचं. एकदा ‘नको’ म्हटलं की पुन्हा कुणी विचारत नाही. वरणाला फोडणी दिली, तर बाईंनी घरभर खिडक्या उघडल्या. शिवाय दिवसभराचं काम झाल्यावर शनिवारी रात्रीही मुलं माझ्यावर सोपवून दोघं बाहेर जातात. नाही कसं म्हणू? आई म्हणते, परत ये.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपल्याकडे पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं आणि यजमानीणबाईंनी तिसऱ्यांदा पोळी वाढायचीच, हे दोघांनाही पाठ असतं. तुझ्या बाईंना ते कुणी शिकवलेलं नाही. तू नको म्हणालीस, त्यांनी खरं मानलं. भूक असेल तर हात पुढे करून घे. आणि थंड पाव ही तुझ्यापुरती काटकसर नाही, तेही तोच खातात.

खिडक्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. तिकडची घरं थंडीसाठी इतकी घट्ट बांधतात की आतला दमटपणा बाहेर पडत नाही आणि भिंतींना बुरशी धरते. म्हणून भर थंडीतही रोज खिडक्या सताड उघडायची पद्धत आहे. (पार्ल्यात शेजारी बोंबील तळायला लागले की मी माझ्या बंद करते, ते वेगळं.)

शनिवारचं मात्र सोडू नकोस. ओ-पेअरला दिवसाला फार तर ६ आणि आठवड्याला ३० तास काम. रात्री मुलं सांभाळणंही त्यातच धरायचं. आठवड्याला दीड दिवस सुट्टी, महिन्याला २८० युरो हातखर्चाला आणि भाषेच्या वर्गासाठी ७० युरो. करार काढून वाच. मग रविवारी नाश्त्याला तासांचा कागद पुढे ठेव आणि सांग, ‘इतके तास झाले, पुढचा शनिवार मला मोकळा हवा.’ प्रस्तावना नको, रडणं तर नकोच. शिकत असताना मी अशाच एका घरी राहिले होते. तिथल्या बाई मला तोंडावर म्हणाल्या, ‘तू बाथरूममध्ये फार वेळ लावतेस,’ आणि लगेच माझ्या कपात कॉफी ओतली. विषय तिथंच संपला.

एवढं बोलूनही फरक पडला नाही, तर करारातली मुदत पाळून आणि तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवून कुटुंब बदलता येतं. त्यासाठी मुंबईला यायची गरज नाही.

आईला म्हणावं, येणाऱ्या कुणाबरोबर भाजणी पाठव. तूप नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतील. थालीपीठ तिथल्या लोण्याबरोबरही छान लागतं.