हृदयाची पिशवी: पदर किती, पाणी किती?

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका पुस्तकात हृदयावरणाचे थर दोन दिलेत, दुसऱ्यात तीन. परीक्षेत काय लिहू? आणि पाणी नेमकं कुठे असतं? (विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : पुस्तकं दोन्ही बरोबर आहेत, फरक मोजण्याचा आहे. हृदयावरणाचे, म्हणजे पेरिकार्डियमचे, भाग दोन: बाहेरचं चिवट तंतुमय आवरण आणि आतलं पातळ स्रावी आवरण. हे स्रावी आवरण दुमडलेलं असल्याने त्याचे पदर दोन होतात. म्हणून 'भाग दोन, थर तीन' असं लिहा.

दुमडलेलं कसं ते पाहायचं तर दुधाच्या रिकाम्या पिशवीत चार-पाच चमचे पाणी घाला, तोंड घट्ट बांधा आणि बाहेरून तिच्यात मूठ रुतवा. मुठीला बिलगलेलं प्लास्टिक म्हणजे व्हिसरल थर, ज्याला एपिकार्डियमही म्हणतात. पलीकडचं प्लास्टिक म्हणजे परायटल थर. तो तंतुमय आवरणाला आतून इतका चिकटलेला असतो की सुटा काढता येत नाही. पाणी या दोन पदरांच्या मधे, साधारण 15 ते 50 मिलिलीटर. मूठ मात्र कोरडीच राहते. हृदय पाण्यात तरंगतं असं लिहून अनेक जण इथेच गुण घालवतात.

मनगटाशी प्लास्टिक वळतं, तसा हा पदर मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मुळाशी वळतो, पण दोन ठिकाणी. महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना मिळून एक वेढा, दोन महाशिरा आणि चार फुप्फुसशिरा यांना दुसरा. या दोन वेढ्यांमधली वाट म्हणजे ट्रान्सव्हर्स सायनस. दोन्ही धमन्यांच्या मागून घातलेलं बोट तिथून आरपार, वरच्या महाशिरेच्या पुढे निघतं. बायपासच्या वेळी महाधमनीला चिमटा लावताना त्याचं मागचं पातं याच वाटेत असतं. हृदयाचं टोक उचलून डाव्या कर्णिकेच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, मागे बोटं सरकवलीत तर ती वर जाऊन अडतात. तो ऑब्लिक सायनस. एक बोळ, एक बंद गल्ली. तोंडी परीक्षेत या दोघांची अदलाबदल हमखास होते.

प्रश्न : वडिलांच्या इकोत हृदयाभोवती 14 मिमी पाणी निघालं. डॉक्टर म्हणाले, सध्या काढायचं नाही. शेजारच्या मुलाला मात्र अपघातानंतर थोडंसंच रक्त साठलं होतं, तरी मध्यरात्री सुई घालून काढलं. आमच्याकडे दुर्लक्ष होतंय का? (वाचक, सातारा)

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. इथे किती साठलं यापेक्षा किती वेगाने साठलं याला महत्त्व आहे.

तंतुमय आवरण रबरासारखं नसतं, ताडपत्रीसारखं असतं. थोडी सैल जागा संपली की ते ताणायला नकार देतं, आणि मग थोड्याशा भरीनेही आतला दाब झपाट्याने चढतो. म्हणून अचानक साठलेलं 150-200 मिलिलीटर रक्त जीव घेऊ शकतं. तेच पाणी आठवडे-महिने हळूहळू साठलं तर आवरण वाढत जातं आणि लिटरभरही सामावून घेतं. दाब वाढला की आधी उजवी बाजू दबते, कारण तिथला दाब मुळातच कमी. हृदय भरतच नाही, मग ते फेकणार काय? याला टॅम्पोनाड म्हणतात. रक्तदाब घसरणं, मानेच्या शिरा फुगणं आणि ठोके दबके ऐकू येणं ही त्रयी क्लॉड बेक या शल्यविशारदाने 1935 मध्ये मांडली. पण तिन्ही एकत्र दिसतीलच असं नाही.

इकोत 10 मिमीपेक्षा कमी पाणी थोडं, 10 ते 20 मध्यम, 20 च्या पुढे जास्त मानतात. तुमच्या वडिलांचं मध्यम. आता आकड्यापेक्षा दोन गोष्टी विचारा: रिपोर्टमध्ये उजवी कर्णिका किंवा जवनिका (खालचा कप्पा) दबल्याचा उल्लेख आहे का, आणि पाण्याचं कारण काय? आपल्याकडे क्षयरोग शोधावाच लागतो; शिवाय थायरॉइड, मूत्रपिंड, कर्करोग. क्षय किंवा कर्करोगाचा संशय असेल, तर दाब नसतानाही तपासणीसाठी पाणी काढतात.

एक चूक मात्र घरोघरी होते. 'पाणी झालंय' ऐकून पायाच्या सुजेसाठी आणलेली लघवीची गोळी मनानेच दिली जाते. तिने हे पाणी फारसं हटत नाही, उलट शरीरातलं पाणी कमी होऊन दबलेलं हृदय आणखीच रिकामं राहतं. धाप वाढली, चक्कर आली, आडवं झोपवेना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा.

प्रश्न : हृदयावरणाला सूज आली तर खांदा का दुखतो? (वाचिका, पणजी)

उत्तर : वेदना फ्रेनिक मज्जातंतूतून जाते. तो मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून निघतो, आणि खांद्याच्या त्वचेची संवेदनाही तिथेच पोचते. मेंदूची गल्लत होते. ही वेदना उताणं झोपल्यावर किंवा खोल श्वास घेतल्यावर वाढते, पुढे वाकून बसल्यावर कमी होते. तरी घरी वाकून बघून निदान करत बसू नका. छातीत दुखलं की आधी ईसीजी.

प्रश्न : ही पिशवी काढून टाकली तर माणूस जगतो का?

उत्तर : जगतो. क्षयानंतर ती जाड, कधी चुनखडीसारखी कडक होऊन हृदयाला आवळू लागली, तर शस्त्रक्रियेने काढतातच. काही जणांना ती जन्मतःच नसते, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. अर्धवट असणं जास्त धोक्याचं: त्या खिंडारातून डाव्या कर्णिकेचा भाग बाहेर येऊन आवळला जाऊ शकतो.