पश्चात्ताप खरा आहे हे ख्रिस्ती माणसाने कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की दर रविवारी पाप कबूल करता, डोळ्यांत पाणी येतं आणि सोमवारी मन पुन्हा तितकंच जड असतं. असा पश्चात्ताप खरा कसा म्हणायचा, आणि आज्ञा पाळूनच क्षमा मिळणार असेल तर कृपेला, म्हणजे न कमावता देवाकडून मिळणाऱ्या क्षमेला, अर्थ काय उरला, असं तुम्ही विचारलंय.

मी पाळक नाही, अहिल्यानगर जिल्ह्यातला शेतकरी आहे. आमचं घर आजोबांपासून मंडळीत आहे. सांगतोय ते अकरा वर्षं चुकीचं वागून कळलेलं आहे.

माझ्या आणि चुलत भावाच्या वावरामध्ये एकच बांध. नांगरट करताना दरवर्षी मी एखादं तास, म्हणजे नांगराची एक ओळ, त्या बांधात सरकवायचो. अकरा वर्षांत त्याची जवळपास दोन गुंठे जमीन माझ्याकडे आली. त्याने एकदा विचारलं, तेव्हा मीच आवाज चढवला. या सगळ्या काळात माझं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, कधी चुकलं नाही. स्तोत्र ५१, बायबलमधली पापकबुलीची प्रार्थना, तोंडपाठ होतं, ते म्हणताना रडायचो. त्या रडण्यात ढोंग नव्हतं, हे मी आजही सांगेन. पण उपासनेहून परतताना वाटेत भावाचं दार लागायचं आणि मी मान खाली घालून पुढे निघायचो.

आपल्या शब्दाची फोड करून पाहा: पश्चात् ताप, मागाहून होणारा दाह. जुन्या करारात संदेष्टे ज्या इब्री शब्दाने लोकांना हाक मारतात तो आहे 'शूव'. त्याचा साधा अर्थ मागे फिरणं, वाट चुकलेला माणूस फिरतो तसं. मी वर्षानुवर्षं ताप भोगत होतो. फिरलो मात्र नव्हतो.

तुमच्या कृपेच्या प्रश्नासाठी लूकच्या शुभवर्तमानाचा १९वा अध्याय पुन्हा सावकाश वाचा. जक्कय यरीहोचा मुख्य जकातदार. रोमी सत्तेसाठी वसुली करणारे हे लोक ठरल्यापेक्षा जास्त उकळायचे, म्हणून गाव त्याच्यावर थुंकत असणार. येशूला पाहायला तो उंबराच्या झाडावर चढलेला असताना येशू त्याला खाली बोलावतो आणि आज तुझ्या घरी उतरणार म्हणतो. तोवर जक्कयाने एक नाणंही परत केलेलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट, हे तो नंतर बोलतो, प्रभू घरी आल्यावर. हा क्रम मला फार उशिरा दिसला. परतफेडीने त्याने क्षमा विकत घेतली नाही. क्षमा उंबऱ्याच्या आत आली आणि त्याची मूठ उघडली.

आणखी एक गोष्ट: मोशेच्या नियमशास्त्रात, गणना ५ मध्ये, अपराध कबूल करून मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा परत करायला सांगितलंय. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला. मला तेवढं जमलं नाही. मी आधी भावाच्या दारात जाऊन जे केलं ते बोललो. मग सरकारी मोजणी मागवली, फी भरली, खुणा पडल्या तिथे बांध घातला आणि गेलेल्या पिकाचा अंदाज काढून त्यावर पाचवा हिस्सा दिला. बायकोने तेव्हा दोन पाटल्या मोडल्या आणि एका शब्दानेही मला टोचलं नाही.

रागासारखं रोज उठणारं पाप असेल, तर ते एका दिवसात जाईल असं मी सांगणार नाही. तिथे रोजच फिरावं लागतं. पण तुमच्या जड मनामागे एखाद्या माणसाचा चेहरा असेल, तर मत्तय ५ मध्ये प्रभूने अर्पण वेदीपाशी ठेवून आधी कुठे जायला सांगितलंय ते पाहा. तो माणूस हयात नसेल तर त्याच्या वारसाला द्यावं, हेही गणना ५ मधूनच निघतं.

भावाने पैसे घेतले, बोलला काहीच नाही. गेल्या नाताळात मी फराळाचा डबा पाठवला. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. माझा डबा धुऊन, कोरडा, रिकामा आला. यंदाही पाठवणार आहे.