आधी ती उपाशी का आहे ते बघ

तुझ्या कथेतला डॉक्टर परग्रहावर उतरतो आणि भुकेनं खंगलेल्या परग्रहवासिनीला लगेच भरवायला लागतो, तिथेच मी अडखळलो. ती खात का नाही, हे त्याला पडलेलंच नाही. आपल्याच समुद्रातली ऑक्टोपसची मादी घे. अंडी घातली की बहुतेक जातींत ती खाणं सोडते, अंड्यांवर पाण्याचा झोत सोडत राहते, झिजत झिजत मरते. १९७७ मध्ये संशोधक जेरोम वोडिन्स्की यांनी अशा माद्यांच्या डोळ्यांमागच्या ग्रंथी काढल्या. माद्या पुन्हा खाऊ लागल्या, जास्त जगल्या, पण अंडी वाऱ्यावर सोडून. हे वाचून मी कितीतरी वेळ सुन्न होतो. तिला वाचवलं म्हणायचं का? तुझ्या डॉक्टरला चार पानं नुसतं बघत बसू दे, हात न लावता.