सॅटेलाइट फोन राहू द्या, आधी गाडीचे कागद काढा

शहाद्याच्या एका वाचकाचे पत्र थोडे आटोपशीर करून देतो.

"वय ३८. मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे, महिना ५५,००० सुटतात. तीन वर्षांपासून शनिवार-रविवारी ग्रुप नेतो. तोरणमाळ, सीताखाई, धडगावकडून खाली नर्मदाकाठ, दिवाळीत अस्तंबा. स्वतःची बोलेरो आहे, सहा जण बसतात. माणशी २,५०० घेतो, त्यात भरीत आणि कळण्याची भाकरी आली. मागच्या पावसाळ्यात एका ताईंचा पाय मोडला. रेंज सापडेपर्यंत चार तास गेले. त्यांच्या भावाने पोलिसांची भाषा केली, शेवटी ४०,००० देऊन मिटवले. आता सॅटेलाइट फोन घ्यायचाच. दुबईहून एक जण थुराया ५५,००० ला आणून देतो, त्याला ५,००० ॲडव्हान्स दिलाय. दुसरा म्हणतो गार्मिनचे इनरीच घ्या, ४०,००० त काम होते. मुलगा म्हणतो नव्या आयफोनमध्ये सॅटेलाइट असतेच. बीएसएनएलचा परवान्याचा फोन लाखाच्या घरात जातो असे ऐकतो. पैसे पॉलिसीवर कर्ज काढून देईन. साडूंकडून घेतलेली पॉलिसी आहे. वर्षाला १,२०,००० भरतो, चार हप्ते झाले, बारा भरायचे. विसाव्या वर्षी २६ लाख मिळतात, म्हणजे ऐंशी टक्के फायदा. वर १२ लाखांचा विमा. घराचे कर्ज १४ लाख बाकी. मेडिक्लेम नाही, पण ५ लाखांचे सरकारी कार्ड आहे. चारपैकी कोणता फोन घेऊ?"

भाऊ, चारपैकी तीन तर लगेच बाद करा.

भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून सॅटेलाइट फोन नुसता जवळ बाळगला तरी गुन्हा होतो. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्यांकडे थुरायाचाच फोन होता. तेव्हापासून थुराया आणि इरिडियम या दोन सॅटेलाइट कंपन्यांची नावे ऐकली की यंत्रणेचे कान उभे राहतात. दुबईवाला बिल देणार नाही, परवानगी मिळवून देणार नाही आणि पकडले गेलात तर तुमचा फोनही उचलणार नाही. इनरीच "फक्त मेसेजपुरते" आहे म्हणून चालेल अशी समजूत करून घेऊ नका, तेही इरिडियमच्याच उपग्रहांवर चालते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पर्यटक बाईंवर याच यंत्रापायी कारवाई झाली. त्यांच्या देशात ते दुकानात मिळते, म्हणून त्यांना कोणी सोडले नाही. आयफोनची संकटकाळी सॅटेलाइटवरून निरोप पाठवण्याची सोय काही ठरावीक देशांपुरती आहे आणि त्या यादीत भारत नाही. मुलाला आयफोन हवा आहे, एवढाच त्या सूचनेचा अर्थ.

राहिला बीएसएनएलचा. ही सेवा २०१७ मध्ये सुरू झाली. ती इनमारसॅटच्या उपग्रहांवर चालते आणि तिचे भूकेंद्र गाझियाबादला आहे. मुख्यतः सरकारी खात्यांसाठीची सोय आहे. तुमच्यासारख्याला अर्ज करून, कारण पटवून, परवानगी काढूनच फोन मिळणार. समजा मिळाला. इनमारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंच, जागच्या जागी थांबल्यासारखे असतात. म्हणजे आपल्याकडून ते दक्षिणेला दिसणार. अँटेना उघडून त्या बाजूला धरायचा, आकाश मोकळे हवे, झाडाखाली किंवा गाडीत बसून भागत नाही. आता तुमचाच रस्ता आठवा. धडगावहून नर्मदेकडे उतरलात की सातपुड्याच्या घळी आणि झाडी आकाश अडवतात. अस्तंब्याच्या माथ्यावर फोन छान लागेल. पाय मोडतो तो मात्र खालच्या घळीत, आणि तिथून माणसाला उचलून उघड्यावर आणल्यावरच फोन लागणार असेल, तर चार तासांचे फार तर दोन होतील.

दोन तास वाचणे लहान गोष्ट नाही. पण हिशेब तर करू. एका फेरीचे १५,०००, वर्षाला पंचवीसेक फेऱ्या, म्हणजे पावणेचार लाख. डिझेल, जेवण, वाटाड्या, गाडीची झीज यांत निम्मे तरी जात असतील. उरतात १,८०,०००, आणि फोनच लाखाचा. वर भाडे आणि बोलण्याचे मिनिटामागचे पैसे वेगळे. निम्म्याहून जास्त वर्षाची कमाई एका यंत्रात घालताय आणि तीही कर्ज काढून.

आत्ता काय करता येईल? गटात बीएसएनएलचे एक सिम ठेवा. २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या रेंज नसलेल्या २४,६८० गावांत फोर-जी पोचवायची योजना मंजूर केली आणि ते काम बीएसएनएलकडेच दिले. तीन वर्षांपूर्वी जिथे रेंज नव्हती, तिथे एकदा पुन्हा सिम घालून फिरा आणि कोणत्या वळणावर दांड्या येतात ते वहीत मांडा. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोचत असेल तर आपत्कालीन ११२ लागतो, हे वाटाड्यालाही शिकवा. एक घडीचा स्ट्रेचर घ्या. तुमच्या भागात आजारी माणूस अजून बांबूच्या झोळीतून खांद्यावर खाली येतो, लोक त्याला बांबूलन्स म्हणतात. फोन लागला तरी शेवटचे चार किलोमीटर तीच आहे. आणि शहाद्यात एका शहाण्या माणसाला सांगून जा की संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही, तर धडगावच्या ग्रामीण रुग्णालयाला आणि पोलिसांना कळव. याला खर्च शून्य. फोनचे प्रकरण इथे संपले. परवानगीचा अर्ज करून ठेवायचा तर ठेवा, घाई कसलीच नाही.

घाई दुसऱ्या गोष्टीची आहे. "स्वतःची बोलेरो, माणशी २,५००." हे तुम्ही भरीत-भाकरीच्या ओळीत लिहून मोकळे झालात. मी तिथेच अडकलो. अहिराणीत विचारायचे तर, काय करी ऱ्हायना भाऊ?

पांढऱ्या पाटीची गाडी म्हणजे घरची गाडी. तिची विमा पॉलिसी काढा आणि वापराच्या अटी वाचा. भाड्याने किंवा पैसे घेऊन माणसे नेल्यास विमा लागू नाही, असे तिथे सरळ लिहिलेले असते. उद्या तोरणमाळच्या घाटात गाडी कलंडली, तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारेल आणि तिचे चूक नसेल. आतल्या सहा जणांच्या नुकसानभरपाईचे त्याहून वाईट. कोर्ट कधी कधी कंपनीला आधी पैसे द्यायला लावते आणि तीच रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देते. गाडीमालक म्हणजे तुम्ही. तिशीतला एक कमावता माणूस गेला तर भरपाईचा आकडा पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो. तुमचे दुकान आणि घर धरून तेवढे होतात का? शिवाय परवान्यावाचून भाडे मारल्याचा दंड १०,००० आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, हे मोटार वाहन कायद्यात आहेच.

जळगावात माझ्यासमोर एक केळीवाले बसले होते. घरच्या गाडीतून पैसे घेऊन वऱ्हाड नेले आणि परतताना झाडावर आदळले. कोणी गेले नाही हे नशीब. पण गाडीचे सव्वातीन लाख बुडाले, कारण वऱ्हाडातल्याच एकाने जबाबात "माणशी तीनशे दिले" असे प्रामाणिकपणे सांगितले. त्या ताईंच्या भावाला ४०,००० दिलेत ना? त्याने पाटीचा रंग पाहिला नाही, म्हणून ४०,००० त सुटलात.

उपाय सोपा आहे. शहाद्यातून पिवळ्या पाटीची, टुरिस्ट परमिटची गाडी चालकासह लावा. फेरीला ४,५०० धरा. सहा जणांत वाटले तर माणशी ७५०. म्हणजे २,५०० च्या जागी ३,२५० घ्या. त्यात तुमचे डिझेल आणि गाडीची झीज वाचते, तेव्हा हिशेब फार हलत नाही. महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे अशा सहली नेणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, तीही करून टाका. प्रत्येक फेरीला सहभागींचा गट अपघात विमा काढा, आणि संयोजकाच्या दायित्वाचा विमा एखाद्या सरकारी साधारण विमा कंपनीकडे विचारा. हे होईपर्यंत एकही फेरी नको. अस्तंबाही नको. घरच्यांना घेऊन जा, कोणाकडून पैसे घेऊ नका.

आता साडूंची पॉलिसी. ऐंशी टक्के फायदा! १४ लाख ४०,००० भरायचे, २६ लाख घ्यायचे, वजाबाकी केली की ऐंशी टक्के. बरोबर आहे, पण वीस वर्षांत. वर्षाला मोजले तर हे चार टक्क्यांच्या जेमतेम पुढे जाते. हाच हप्ता, इतकीच वर्षे, आजच्या ७.१ टक्के दराने पीपीएफमध्ये घातला असता, तर विसाव्या वर्षी ४० लाखांच्या आसपास झाले असते. चौदा लाखांचा फरक. "ऐंशी टक्के" हा आकडा तुम्हाला कोणी कागदावर लिहून दिला असेल, तर तो कागद जपून ठेवा.

आणि विमा? घरखर्च तुम्ही लिहिला नाही, महिना ४०,००० धरतो. तुम्ही गेलात तर १२ लाख येतील, बँकेचे १४ लाख देणे आहे. कर्जच फिटत नाही, वहिनींच्या हातात काय येणार? वर्षाला १,२०,००० भरून सातपुड्याच्या घळीत उतरणाऱ्या माणसाच्या घरी उणे दोन लाख. ही पॉलिसी विकताना साडूंनी कर्जाचा आकडा विचारला होता का? आणि तिच्यावर कर्ज काढायचे तर व्याज नऊ-साडेनऊ टक्के. चार टक्क्यांनी वाढणारा पैसा तारण ठेवून नऊने उचलायचा आणि त्यातून बिनबिलाचा फोन घ्यायचा.

क्रम असा ठेवा. आधी एक कोटीचा शुद्ध टर्म विमा, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा. तुमच्या वयाला वर्षाचे सतराएक हजार पडतील. तंबाखू खाता की नाही ते लिहिले नाही. खात असाल तर जास्त पडतील, पण अर्जात "नाही" लिहून हप्ता वाचवू नका. डोंगरातल्या फेऱ्यांचा उल्लेखही करा. कर्ज वजा जाता ८६ लाख उरतात, सात टक्क्यांनी वर्षाला सहा लाख, घर चालते. ही पॉलिसी घेतानाच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या, नंतर ते करता येत नाही. मग ती रक्कम पत्नी-मुलांची, तुमच्या देणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. गाडीचे वर लिहिले ते वाचलेत तर हे कशासाठी ते कळेल. मग सगळ्या घराचा १० लाखांचा मेडिक्लेम, पंचवीसेक हजार. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढी सोय झाली. सरकारी कार्ड जपून ठेवा, पण ते यादीतल्या रुग्णालयांत, यादीतल्या उपचारांनाच चालते.

हे दोन्ही हातात आल्यावरच जुनी पॉलिसी थांबवा, आधी नाही. चार हप्त्यांचे ४,८०,००० गेले, आज मोडली तर निम्मे, २,४०,००० च्या आसपास येतील. दुखेल. पण गेलेल्यासाठी पुढचे ९,६०,००० कशाला घालायचे? २,४०,००० पीपीएफच्या दराने सोळा वर्षांत सात लाखांच्या थोडे वर जातात (खात्यात वर्षाला दीड लाखच भरता येतात, तेव्हा तुकड्यांनी घाला). पुढची आठ वर्षे हप्त्यातले ४२,००० दोन विम्यांना, ७८,००० पीपीएफला, त्याचे विसाव्या वर्षी पंधरा लाख. एकूण बावीस. हो, २६ पेक्षा चार लाख कमी. त्या बदल्यात १२ लाखांऐवजी एक कोटीचा विमा आणि दहा लाखांचा मेडिक्लेम. मोडण्याऐवजी पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवली, तर किती, हेही कंपनीच्या शाखेतून लेखी घ्या. दोन आकड्यांत फार फरक नसेल तर पेड-अप ठेवा, साडूंकडे जेवायला जाता येईल. आकडे साडूंच्या तोंडून मात्र घेऊ नका.

दुबईवाल्याकडून ५,००० परत मागा. नाही दिले तर सोडून द्या, आणि पावती मागायला तर अजिबात जाऊ नका.