गोव्याच्या पावसात रायफलीला लॅमिनेटेड दस्ता चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर सत्तरी तालुक्यात, आजोबांची सरकारी ऑर्डनन्स कारखान्याची .३१५ बोअरची रायफल रीतसर तुमच्या नावावर झालीय, पुढच्या लाकडाला चीर गेलीय, आणि अमेरिकन शिकाऱ्यांच्या कस्टम रायफलींवर दिसणारा तो पट्ट्यापट्ट्यांचा लॅमिनेटेड, म्हणजे लाकडाचे थर चिकटवून केलेला, दस्ता डोक्यात बसलाय. तो घालावा की सरळ अक्रोड?

लॅमिनेटेड घाला. पण तो तयार मिळेल ही आशा सोडा, आणि 'त्याला पाणी लागत नाही' हा समजही सोडा.

मी फोंड्याला सुतारकाम करतो. एका परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडची लाकडाची कामं आणि एअर रायफलवाल्या नेमबाज पोरांचे दस्ते माझ्याकडे येतात. लोखंडाला मी हात लावत नाही, त्यामुळे माझं उत्तर लाकडापुरतंच.

परदेशी लॅमिनेटेड दस्ते बहुतेक बर्चच्या लाकडाचे असतात. सुमारे दीड मिलिमीटरचे पापुद्रे, रंगवलेले, रेझिन लावून मोठ्या दाबाखाली एकजीव केलेले; दोन इंच जाडीत तीसेक थर बसतात. सगळ्या थरांचे रेषे लांबीच्याच दिशेने धावतात, खरी गोम तिथे आहे. एखाद्या थराचा रेषा वाकडा निघाला तरी शेजारचे त्याला धरून ठेवतात, अख्ख्या लाकडासारखा पीळ पडत नाही. जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच आपल्या सैन्याच्या मौझर ९८के रायफलीला बीचच्या लाकडाचे असे दस्ते घालायला सुरुवात केली होती. अक्रोड वर्षानुवर्षं वाळवत ठेवायला त्यांना सवड नव्हती.

आता इथला घोळ. 'लॅमिनेटेड' म्हटलं की आपल्याकडचा मेस्त (सुतार) मरीन प्लायवूड पुढे करतो. पाण्याला ते उत्तम, दस्त्याला कुचकामी. प्लायची कापलेली कड उन्हात धरून बघा: एका थरात लांब रेघा दिसतील, त्याच्या खालच्या थरात नुसते ठिपके, पुन्हा रेघा, पुन्हा ठिपके. ठिपके म्हणजे आडवे रेषे. मुठीपाशी, जिथे दस्ता सगळ्यात बारीक असतो, तिथे अर्धं लाकूड जोर घेतच नाही. दस्त्यासाठी आणलेल्या ठोकळ्याच्या लांब कडेवर एकही ठिपक्यांचा थर दिसता कामा नये.

तयार दस्ता का नाही, ते सांगतो. बॉइड्ससारख्या कंपन्यांचे दस्ते प्रामुख्याने मौझर, रेमिंग्टन ७०० अशा रायफलींसाठी असतात, म्हणजे एकसंध. तुमची .३१५ ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यातली. तिचं लाकूड दोन तुकड्यांत: मागचा दस्ता वेगळा, पुढचं लाकूड वेगळं, मध्ये लोखंड. एकसंध दस्ता तिला बसणारच नाही. तेव्हा ठोकळा इथेच करून घ्यावा लागेल. पाच-सहा मिलिमीटरच्या, नीट वाळलेल्या अक्रोडाच्या पट्ट्या, हवं तर मध्ये एखादी शिसवीची, आणि मधोमध अराल्डाइटसारखं इपॉक्सी. सुताराचा पांढरा गोंद नको, तो सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. सागवान घरात कितीही पडलेलं असो, ते इथे नको. तेलकट असल्यामुळे गोंद धरायला कुरकुरतं आणि रेषेवर फुटतं.

आणि या कामातली सगळ्यात महत्त्वाची जागा बाहेरून दिसतच नाही. या रायफलीत गोळी सुटताना बसणारा धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला, आतल्या दोन छोट्या खांद्यांवर येतो. ते खांदे तेलाने मऊ झाले किंवा आक्रसले की लोखंड मागे-पुढे खेळतं, आणि मग मधोमध चीर जाते. तुमची चीर मागच्या टोकाकडून सुरू झालेली असेल तर कारण बहुधा हेच. इशापूरच्या कारखान्याने जुन्या ली-एनफिल्डांच्या पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू घातला होता, ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखानावाल्यांनी खांद्यांना तांब्याच्या पट्ट्या लावल्या. नव्या लाकडात तिथे पितळी पट्टी किंवा इपॉक्सीचं बेडिंग (लोखंड घट्ट बसेल अशी भर) करून घ्याच. पैसे कमी पडत असतील तर लॅमिनेशन रद्द करा, हे खांद्यांचं काम रद्द करू नका. उत्तम लॅमिनेटेड लाकूड आणि ढिले खांदे यापेक्षा साधा अक्रोड आणि घट्ट खांदे कधीही बरे.

खोलताना एक पथ्य: आधी पुढचं लाकूड काढायचं, मगच मागच्या दस्त्याचा लांब बोल्ट फिरवायचा. जुन्या ली-एनफिल्डांत त्या बोल्टाचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. उलट क्रमाने गेलात तर बोल्ट फिरताना लाकूड फोडतो. कदाचित तुमचंही असंच फुटलं असेल.

पाण्याचं म्हणाल तर लॅमिनेटेड लाकूडही दमट हवा पितं. आपल्याकडे जानेवारीत लाकडात सुमारे १२ टक्के ओल असेल तर ऑगस्टमध्ये उघड्यावर ती १८च्या आसपास जाते. लॅमिनेटेड फुगतं, पण वाकडं फारसं होत नाही, फरक एवढाच. म्हणून कापलेली टोकं, नळीची खाच, बट-प्लेटच्या (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीच्या) खालचा भाग, स्क्रूची भोकं, सगळं इपॉक्सीने किंवा टू-पॅक पीयूने (दोन डब्यांतलं मिसळून लावायच्या पॉलियुरेथेन पॉलिशने) बंद करायचं. बाहेरून चकचकीत आणि आतून काहीच न लावलेलं लाकूड, असलीच कामं जास्त येतात. अळशीच्या तेलाची हौस असेल तर जुलैत बुरशी पुसायचीही तयारी ठेवा.

वजन वाढेल, बाहेरचे लॅमिनेटेड दस्ते अक्रोडापेक्षा दोनशे ते चारशे ग्रॅम जड भरतात. कॅनडात डोंगर चढणारा शिकारी त्यावर कुरकुरतो. तुम्ही कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) बांधावर उभे राहणार, तुम्हाला धक्का थोडा कमी लागेल. रंगाबद्दल माझं मत विचारू नका. एवढंच लक्षात ठेवा की गडद-फिकट पट्ट्या घातल्या तर गोलाईवर त्या नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या उमटतात, आणि कानस एका बाजूला जरा जास्त चालली तरी लगेच दिसतं. चेकरिंगही (पकडीसाठी मुठीवर कोरलेली चौकटीची नक्षी) पट्ट्यांच्या सांध्यांवर तुटतं. साधी मूठ ठेवा.

शिकारीचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी वाचणाऱ्यांसाठी: १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुकरं मारायची मुभा नव्हे. लाकूड बदलायचं कामही परवानाधारक दुरुस्तीवाल्यामार्फतच करा. नळी आखूड करायचा सल्ला कोणी दिला तर तिथून उठा, शस्त्र कायद्यात परवानगीशिवाय तो गुन्हा आहे.

शेवटी निवडणुकीचं, कारण तेव्हा परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायची वेळ येते. २०२२ची पंचायत निवडणूक ऐन ऑगस्टमध्ये झाली होती. पुन्हा पावसाळ्यात ठाण्यात बंदूक जमा करायची वेळ आली तर फोमच्या बॅगेत घालून देऊ नका, फोम ओल धरून ठेवतो. नळीला तेल लावून, कापडी खोळीत द्या, आणि लाकडाची आधीची चीर पावतीवर लिहून घेता आली तर घ्या.